बाळंतविड्यातील गोधडी : एका रूपकाची समीक्षा

प्रस्तावना

मराठी कवितेत, ललित गद्यात आणि अलीकडच्या स्मरणपर लेखनात गोधडी ही आईच्या मायेची खूण म्हणून स्थिरावली आहे. आजीच्या लुगड्याचा तुकडा, वडिलांच्या धोतराचा तुकडा, आत्याच्या परकराचा तुकडा आणि या सर्वांना बांधून ठेवणारा आईचा टाका, अशी या प्रतिमेची ठरलेली मांडणी असते. वाचकाला ती परिचयाची वाटते आणि तिच्या उबेविषयी कोणी शंका घेत नाही. परंतु एखादी प्रतिमा इतकी सर्वमान्य होते, तेव्हा तिच्यामागील वस्तू दिसेनाशी होण्याचा संभव असतो. गोधडीच्या बाबतीत तसे घडले आहे. मायेचे रूपक म्हणून तिचे वाचन झाले; वस्त्र म्हणून, श्रम म्हणून आणि एका विशिष्ट काळात केलेली कृती म्हणून तिचे वाचन क्वचितच झाले.

ही उणीव सर्वांत ठळकपणे जाणवते ती जन्माला येणाऱ्या बाळासाठी शिवल्या जाणाऱ्या लहान गोधडीच्या, म्हणजे दुपट्याच्या संदर्भात. प्रस्तुत लेखात बाळंतविड्यातील या वस्त्राचा विचार तीन प्रश्नांच्या आधारे केला आहे : हे वस्त्र कोणाचे, हे श्रम कोणाचे आणि ही प्रतीक्षा कोणाची. हे प्रश्न विचारल्यास मायेचे रूपक खोटे ठरत नाही. मात्र ते अपुरे आहे हे स्पष्ट होते. त्या अपुरेपणात कोणाचे अनुभव वगळले गेले, याचाही उलगडा होतो.

बाळंतविडा : संज्ञा आणि संदर्भ

बाळंतविडा म्हणजे बाळ व बाळंतीण यांच्यासाठी आप्तांनी दिलेली वस्त्रे व वस्तू. अंगडे, टोपडे, झबले, कुंची, लंगोट, बाळोती, दुपटी, मोहरीची उशी, बाळंतिणीसाठी लुगडे किंवा खण आणि डिंकाचे लाडू अशी त्याची सर्वसाधारण यादी सांगता येईल. प्रदेश, जात आणि ऐपत यांनुसार ती लांबते किंवा आखडते. जात्यावरच्या ओव्यांमध्ये तान्ह्याच्या अंगड्या-टोपड्याचे आणि कुंचीचे कौतुक येते. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने त्या टप्प्याटप्प्याने प्रकाशित केल्या आहेत. एवढ्या मोठ्या संग्रहाकडे पाहिले म्हणजे स्त्रियांच्या शब्दकलेची नोंद कशी झाली हे दिसते. त्याच स्त्रियांच्या हातच्या शिवणकलेची तशी नोंद मात्र झाली नाही. याचे एक कारण उघड आहे. ओवी एकीकडून दुसरीकडे तोंडी जाते आणि टिकते. दुपटे मात्र वापरून झिजते, फाटते आणि शेवटी पायपुसणे होते. टिकून राहणे हा त्याचा हेतूच नसतो.

बाळंतविड्याच्या शिवणाविषयी एक बाब आरंभीच नोंदवली पाहिजे. पाश्चात्त्य मध्यमवर्गीय संस्कृतीत बाळाची स्वतंत्र खोली सजवण्याची प्रथा आहे आणि तेथील चित्रात गर्भवती स्त्री स्वतः बाळासाठी शिवत बसलेली असते. महाराष्ट्रातील परंपरागत चित्र यापेक्षा वेगळे आहे. पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी येते. तिच्यासाठी आणि बाळासाठी शिवणारे हात बहुधा तिची आई, आजी, मामी, काकू यांचे असतात. बाळाला स्वतंत्र खोली नसते. असतो तो पाळणा किंवा लुगड्याची झोळी, आणि तीही माणसांच्या वावरात टांगलेली. त्यामुळे येथील दुपटे ही ‘आईची’ कृती असली, तरी ती बाळाच्या आईची नसून आईच्या आईची असते. ‘आईच्या मायेची गोधडी’ या शब्दप्रयोगात दोन पिढ्यांचे हे अंतर पुसले जाते. हे शिवण खरे पाहता बाळापेक्षाही लेकीसाठी असते. बाळंतपणात लेकीच्या जिवाचे काय होईल, या काळजीने जाग्या राहिलेल्या स्त्रीच्या हातचे ते काम आहे.

जुन्या वस्त्राचा न्याय

दुपटे या शब्दातच त्याची रचना सांगितली आहे : दोन पदरी वस्त्र. अंथरायच्या गोधडीत अनेक पदर असतात, चौघडीत चार. तान्ह्या बाळाचे दुपटे मात्र दोन किंवा फार तर तीन पदरांचे असते. याची कारणे व्यवहारात आहेत. बाळ वारंवार ओले करते. पावसाळ्यात जाड वस्त्र वाळत नाही. पातळ दुपटे शेगडीच्या उबेवरही लवकर सुकते. नव्या कापडाला खळ असते आणि ते त्वचेला रुक्ष लागते. वर्षानुवर्षे धुतलेले सुती लुगडे मऊ झालेले असते आणि पाणी चटकन शोषून घेते. म्हणून दुपट्यासाठी जुने नऊवारी लुगडे आणि जुने धोतर हीच उत्तम वस्त्रे ठरली. जरीचा काठ बोचतो, त्यामुळे तो उसवून काढला जातो. विरलेला भाग आतल्या बाजूस आणि धड भाग बाहेर येईल अशी घडी बसवली जाते. धावदोरा घालताना दोऱ्याची गाठ दोन पदरांच्या मध्ये लपवली जाते, कारण वर राहिलेली गाठ बाळाच्या पाठीला रुतते.

या तपशिलांचे महत्त्व समीक्षेच्या दृष्टीने मोठे आहे. दुपट्याच्या सौंदर्याचा निकष डोळ्यांपेक्षा त्वचेशी अधिक जोडलेला आहे. चांगले दुपटे कोणते, तर जे बाळाला टोचत नाही, घट्ट लपेटता येते, लवकर वाळते आणि पुन्हा पुन्हा धुतल्यावर अधिक मऊ होते. रंगसंगती व आकृती यांना येथे स्थान आहे, परंतु ते दुय्यम आहे. आपली सौंदर्यविषयक परिभाषा मुख्यतः चित्र, शिल्प आणि शब्द यांवर घडलेली आहे, त्यामुळे स्पर्श हाच निकष असलेल्या कृतीविषयी बोलताना ती अपुरी पडते आणि मग ‘माया’, ‘ऊब’, ‘जिव्हाळा’ अशा भाववाचक शब्दांचा आश्रय घेते. भाववाचक शब्द आले की कौशल्याची चर्चा थांबते. कोणता धागा घेतला, टाक्यांत किती अंतर ठेवले, काठ कसा दुमडला, हे प्रश्न मागे पडतात आणि शिवणारी स्त्री जाणकार कारागीर न राहता केवळ प्रेमळ ठरते.

गोधडीचा वस्तुनिष्ठ अभ्यास अगदीच झाला नाही असे नाही. गीता खंडेलवाल यांचा महाराष्ट्रातील गोधड्यांवरील इंग्रजी ग्रंथ २०१३ मध्ये, तर पॅट्रिक फिन यांचा भारतीय रजया व गोधड्यांवरील ग्रंथ २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत. ज्या भाषेत दुपटे, चौघडी, वाकळ, बाळोते हे शब्द नांदतात, त्या भाषेतील समीक्षेने ही जबाबदारी अद्याप पुरेशी उचललेली नाही.

प्रतीक्षेतील मौन

बाळंतविड्याच्या शिवणाचा दुसरा महत्त्वाचा पैलू काळाचा आहे. जन्मापूर्वी बाळासाठी नवे कपडे आणू नयेत, पाळणा घरात आणू नये, असा संकेत अनेक मराठी घरांत पाळला गेला आहे. डोहाळजेवण थाटात होते, तेथे गर्भवतीचे कौतुक होते. परंतु बाळाच्या नावाने वस्तू जमवणे टाळले जाते. जन्मानंतरही पहिले काही दिवस बाळाला घरातील वृद्ध, दीर्घायुषी माणसाच्या जुन्या वस्त्रात गुंडाळण्याची चाल आढळते. नवे अंगडे-टोपडे बारशाला चढते. पाचवी-सहावीला सटवाईची पूजा होते, कारण ती बाळाच्या कपाळी भाग्य लिहिते अशी श्रद्धा आहे. ते लिहून होईपर्यंत बाळ जणू पूर्णपणे घरचे झालेले नसते.

हे संकेत अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारता येतात, किंवा परंपरा म्हणून त्यांचे गुणगानही करता येते. दोन्हींत त्यांचा अर्थ हरवतो. नमुना नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार १९७१ साली भारतातील बालमृत्यूदर दर हजार जिवंत जन्मांमागे १२९ होता. म्हणजे जन्मलेल्या साधारण आठ बालकांपैकी एक बालक पहिला वाढदिवस पाहत नसे. बाळंतिणींच्या मृत्यूंची भर वेगळीच. अशा समाजात जन्मापूर्वी आनंद प्रकट न करणे हा भावनिक संयम होता. ज्याच्या येण्याची खात्री नाही, त्याच्या वस्तूंनी घर भरू नये. तो आला नाही तर त्या वस्तूंचे काय करायचे, या प्रश्नाला उत्तर नसते.

याच संदर्भात मराठी नामकरणातील एक प्रथा आठवते. आधीची मुले दगावलेल्या घरात पुढच्या मुलाचे नाव धोंडू, दगडू, केरू, भिकू असे ठेवले जाई. नियतीचे लक्ष जाऊ नये म्हणून मौल्यवान जिवाला टाकाऊ वस्तूचे नाव देण्याची ही युक्ती होती. जुन्या वस्त्राचे दुपटे याच तर्काने पाहता येते. चिंध्यांत गुंडाळलेले मूल दृष्टीस भरत नाही. आणखी एक गोष्ट अशी की जुन्या लुगड्याची लहान गोधडी शिवणे हे घरातील नित्याचे काम आहे. त्यात बाळाची तयारी चालू असल्याचा पुकारा होत नाही. नवे झबले शिवणे म्हणजे अपेक्षा बोलून दाखवणे. जुने लुगडे जोडत बसणे म्हणजे अपेक्षा असूनही ती न बोलणे. तयारी करायची आणि केली असे दिसू द्यायचे नाही, या दोन परस्परविरोधी गरजा दुपट्याने एकाच वेळी भागवल्या, असे म्हणता येईल.

म्हणूनच या वस्त्राला केवळ उबेचे प्रतीक मानणे पुरेसे नाही. त्याच्या प्रत्येक टाक्यात आशा आहे, तितकेच भयही आहे. रूपकाने आशा घेतली आणि भय सोडून दिले.

तुलना : सुजनी आणि एक पाळण्याचे पांघरूण

या विवेचनाला दोन तुलना उपयोगी पडतात. एक भारतातील लोककलेची, दुसरी युरोपातील आधुनिक कलेची.

बिहारच्या मुझफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा परिसरात सुजनी नावाचा गोधडीचा प्रकार आहे. जुन्या साड्या आणि धोतरे एकावर एक ठेवून साध्या धावदोऱ्याने शिवलेली सुजनी परंपरेने नवजात बालकासाठी केली जाई. तिच्याशी ‘चितिरिया माँ’ या चिंध्यांच्या देवतेची श्रद्धा निगडित आहे. तुकड्यांचे एकत्र येणे म्हणजे विखुरलेल्या जगाचे पुन्हा अखंड होणे, असा त्यामागील भाव सांगितला जातो. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथील स्त्रियांनी संघटित होऊन या कलेचे पुनरुज्जीवन केले. या कार्यातील अग्रणी निर्मला देवी यांना २०२५ मध्ये पद्मश्री देण्यात आली. पुनरुज्जीवनानंतर सुजनीवर हुंडा, घरातील मारहाण, स्त्रीभ्रूणहत्या अशी दृश्ये भरली जाऊ लागली. ज्या वस्त्रात नवजात बालकाला गुंडाळायचे, त्याच वस्त्राच्या परंपरेने मुलीच्या जन्माला नाकारणाऱ्या समाजाचे चित्र काढले, ही घटना बोलकी आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत स्वतःला वेगळे समजण्याचे कारण नाही. गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, हे खरे. परंतु २०११ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटातील मुलींचे प्रमाण राज्यात दर हजार मुलांमागे ८९४ इतकेच भरले. २००१ मध्ये ते ९१३ होते. येणाऱ्या प्रत्येक बाळाची सारख्याच ओढीने वाट पाहिली जाते, हे मायेच्या रूपकातील गृहीतक या आकड्यांपुढे टिकत नाही. ‘ही प्रतीक्षा कोणाची’ या प्रश्नाला ‘आणि कोणासाठी’ अशी जोड द्यावी लागते.

दुसरी तुलना चित्रकार सोनिया देलोने यांच्या कृतीशी आहे. मुलगा शार्ल याच्या जन्माच्या वर्षी, १९११ मध्ये, त्यांनी त्याच्यासाठी कापडाचे तुकडे जोडून पाळण्याचे पांघरूण केले. रशियातील शेतकऱ्यांच्या घरी पाहिलेल्या पद्धतीने आपण ते केले आणि पूर्ण झाल्यावर त्या तुकड्यांच्या मांडणीत घनवादी कल्पना दिसू लागल्या, अशा आशयाचे त्यांचे निवेदन प्रसिद्ध आहे. हे पांघरूण आज पॅरिसच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे, आणि देलोने यांच्या अमूर्त रंगरचनेचा आरंभबिंदू म्हणून कलेतिहासात त्याचा उल्लेख होतो. बाळासाठी केलेल्या शिवणाला गंभीर कलाविचारात स्थान मिळाल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

मात्र या सन्मानाची अट लक्षात घेतली पाहिजे. पांघरुणाला प्रतिष्ठा मिळाली, कारण ते शिवणारी स्त्री पुढे विख्यात चित्रकार झाली. ज्या शेतकरी स्त्रियांकडून ती रीत आली, त्यांची नावे कोठेही नाहीत. शिवण कलेपर्यंत पोहोचले ते चित्रकलेच्या दारातून. रोझिका पार्कर यांनी १९८४ च्या ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ या ग्रंथात कला आणि शिवणकाम यांतील उच्चनीचतेचा संबंध स्त्रीत्वाच्या घडणीशी जोडून दाखवला. सुईने स्त्रीला आज्ञाधारकपणा शिकवला आणि त्याच सुईने तिला प्रतिकाराचे साधनही दिले, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. दुपट्याच्या बाबतीत या प्रतिपादनाचा पूर्वार्ध लगेच पटतो. उत्तरार्ध मात्र शोधावा लागतो, आणि तो सुजनीत सापडतो.

कोणाचे जुने वस्त्र?

मायेच्या रूपकातील सर्वांत मोठी त्रुटी जातीच्या संदर्भात उघड होते. ‘आजीचे लुगडे, वडिलांचे धोतर’ ही यादी गृहीत धरते की घरात जुनी होण्याइतकी वस्त्रे होती. ज्या घरांत अंगावरचे एकच लुगडे फाटेपर्यंत वापरले जाई, तेथे गोधडीला कापड कोठून येणार? आणि येत असेल, तर ते कोणाच्या अंगावरून उतरलेले? वतनी व्यवस्थेत महारांच्या हक्कांमध्ये प्रेतावरच्या वस्त्राचा समावेश होता, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने असे लाचारीचे हक्क सोडून देण्याचे आवाहन केले. या इतिहासाच्या प्रकाशात ‘जुने वस्त्र’ हा शब्द एकाच वेळी दोन अर्थ धारण करतो. एका घरात ते पूर्वजांची आठवण असते. दुसऱ्या घरात ते लादलेल्या हीनतेची खूण असते. दीर्घायुषी आजोबांच्या धोतरात बाळाला गुंडाळण्यातील मंगल भाव आणि दुसऱ्याच्या मृत्यूतून मिळालेल्या कापडात बाळाला गुंडाळण्याची वेळ, या दोन अनुभवांना एकाच रूपकात कोंबणे हा अन्याय आहे.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनातील बाळंतपणांची वर्णने या दृष्टीने वाचण्याजोगी आहेत. उपासमार, कोवळ्या वयातील बाळंतपण आणि अडाणी उपचारांनी होणारे मृत्यू यांचे तेथील चित्रण बाळंतविड्याच्या कौतुकाला दुसरी बाजू असल्याची जाणीव करून देते. डिंकाच्या लाडवांच्या यादीशेजारी ही पाने ठेवली पाहिजेत. बाळंतविडा ही मराठी संस्कृती असेल, तर बाळंतविडा नसणे हीदेखील मराठी संस्कृतीच आहे.

हस्तकौशल्याचे रूपक श्रमाला न विसरता कसे उभे राहू शकते, याचा वस्तुपाठ ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये मिळतो. आई बांबूच्या वस्तू विणून घर चालवते आणि लेखिका आपल्या लेखनाची वीण आईच्या विणण्याशी जोडते. येथे विणकाम हे रूपक आहेच, परंतु त्याआधी ते पोटापाण्याचे साधन आहे. त्यातील वेदना आणि मोबदला वाचकाच्या नजरेआड होत नाही. गोधडीविषयीच्या बहुतेक लेखनात नेमके हेच घडत नाही.

येथे गोधडी शिवण्याच्या मजुरीचाही उल्लेख आवश्यक आहे. घरच्या स्त्रीनेच गोधडी शिवली, हे चित्र सार्वत्रिक नाही. दारोदार फिरून, कापड घरधनिणीचे आणि श्रम आपले, अशा बोलीवर गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्राच्या गावांत आणि शहरांत आहेत. पावसाळा सरल्यावर अंगणात पसरलेल्या लुगड्यावर दिवसभर वाकून टाके घालणाऱ्या या स्त्रीची पाठ दुखते, बोटांना सुई टोचते आणि तिला मजुरी मिळते. घरातील बाळ ज्या गोधडीवर वाढते, तिची ऊब ‘आईची’ म्हणून नोंदली जाते. शिवणारीचे नाव कोणाला आठवत नाही. तिचे स्वतःचे तान्हे त्या वेळी कशावर निजले आहे, हा प्रश्न रूपकाच्या कक्षेत येतच नाही.

बदलते संदर्भ

गेल्या काही दशकांत या वस्त्राची भौतिक बैठकच बदलली आहे. नायलॉन व पॉलिएस्टरच्या साड्या सर्वत्र वापरात आल्यानंतर घरातील जुनी साडी दुपट्याच्या उपयोगाची राहिली नाही. ती पाणी शोषत नाही आणि घाम धरून ठेवते. नऊवारीचा वापर घटल्याने मऊ सुती लुगडे दुर्मीळ झाले. बाळोत्यांची जागा एकदा वापरून टाकायच्या डायपरने घेतली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये झाल्या. राज्याचा बालमृत्यूदर २०२० मध्ये १६ पर्यंत उतरला होता. प्रतीक्षेतील भय कमी होण्यासारखी परिस्थिती प्रथमच निर्माण झाली आहे, आणि जन्मापूर्वीच खरेदी करण्याचा, खोली सजवण्याचा पाश्चात्त्य रिवाज शहरी मध्यमवर्गात रुजतो आहे, याचा संबंध या आकड्यांशीही आहे. त्याला केवळ अनुकरण म्हणता येणार नाही.

बाळंतविड्याची जबाबदारी कुटुंबापुरती नसते, हेही याच काळात पुढे आले. फिनलंडमध्ये १९३८ पासून गरजू मातांना आणि १९४९ पासून सर्व मातांना शासनातर्फे बाळाच्या वस्तूंची पेटी दिली जाऊ लागली. आरंभीच्या काळात त्या पेटीत कापड असे, कारण माता बाळाचे कपडे घरीच शिवत. महाराष्ट्र शासनानेही २०१९ मध्ये शासकीय आरोग्य संस्थांत पहिल्या प्रसूतीतून जन्मलेल्या बालकांसाठी ‘बेबी केअर किट’ देण्याची योजना सुरू केली. अशा योजनांत हस्तकौशल्याची हानी पाहणारी टीका होऊ शकते. परंतु ज्या घरांत बाळंतविडा कधी पोहोचलाच नव्हता, त्या घरांच्या बाजूने पाहिल्यास हे सांस्कृतिक न्यायाचे पाऊल ठरते.

दुसरीकडे गोधडी बाजारात आली आहे. नव्या कापडाचे समान तुकडे कापून, यंत्रावर शिवून, पाळण्याच्या मापाची गोधडी भेटवस्तू म्हणून विकली जाते. काही बचतगटांना व कारागीर स्त्रियांना त्यातून उत्पन्न मिळते आणि त्यांच्या श्रमाला प्रथमच किंमत लागते, ही बाब स्वागतार्ह आहे. समीक्षेची हरकत आहे ती विक्रीच्या भाषेला. नव्या कापडाच्या वस्तूवर ‘आजीच्या मायेचा स्पर्श’ असे लिहिले जाते, तेव्हा रूपक वस्तूपासून पूर्णपणे सुटे झालेले असते. आजीचे लुगडे त्यात नाही, आजीचा टाका नाही आणि ज्या स्त्रीचा टाका आहे तिचे नाव नाही. अ‍ॅलिस वॉकर यांच्या ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) या कथेत घरातील जुन्या गोधड्या भिंतीवर टांगायच्या की वापरायच्या, यावरून आई आणि त्या टांगू पाहणारी मुलगी यांच्यात वाद होतो, आणि आई त्या वापरणाऱ्या मुलीला देते. मराठी संदर्भात हा वाद आणखी एक पायरी पुढे गेला आहे. येथे भिंतीवर टांगण्याइतकीही जुनी गोधडी उरली नसताना तिची आठवण विकली जात आहे.

समारोप

बाळंतविड्यातील गोधडीचे वाचन आजवर प्रामुख्याने मायेचे प्रतीक म्हणून झाले. प्रस्तुत विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. दुपट्याची रचना स्पर्श, शोषण आणि सुकणे या व्यावहारिक निकषांवर उभी असून तिच्या मूल्यमापनासाठी दृश्यकलेची परिभाषा अपुरी आहे. या शिवणाची कर्ती बहुधा बाळाची आई नसून आईची आई किंवा मजुरीवर शिवणारी स्त्री आहे. जुन्या वस्त्राची निवड ही काटकसर, श्रद्धा आणि मृत्यूच्या भयातून आलेला संयम या तिन्हींची मिळून आहे. आणि ‘जुने वस्त्र’ ही संकल्पना जातिव्यवस्थेत एकसारखा अर्थ वागवत नाही.

या निष्कर्षांमुळे गोधडीची ऊब कमी होत नाही. उलट ती कोणत्या हातांतून, कोणत्या चिंतेतून आणि कोणत्या टंचाईतून आली हे समजल्यावर तिचे मोल अधिक नेमकेपणाने सांगता येते. ज्यांच्या वाट्याला ती आली नाही, त्यांच्याविषयीचे मौनही त्यामुळे सुटते. मराठी समीक्षेने ओवीची दखल घेतली, तशी टाक्याचीही घ्यावी. त्यासाठी लुगडी विरण्याआधी आणि शिवणाऱ्या पिढीच्या आठवणी मावळण्याआधी दुपट्यांची, त्यांच्या शिवणपद्धतींची, त्यांसाठी असलेल्या शब्दांची आणि शिवणाऱ्या स्त्रियांच्या नावांची नोंद होणे आवश्यक आहे. मराठी आणि समाजशास्त्र विभागांच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच घरापासून, आणि आपल्या घरी गोधडी शिवायला येणाऱ्या स्त्रीपासून, हे काम सुरू करावे, एवढे ते जवळचे आहे.